पहिल्याच्या आधी : विली ओरीच्या निमित्ताने

१

आमच्या महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला अमेरिकेच्या इतिहासाचा एक पेपर आहे. तो मी शिकवतो. वर्गातली बहुतेक मुलेमुली शेतमजुरांची, ऊसतोडीला जाणाऱ्यांची, गवंड्याच्या हाताखाली राबणाऱ्यांची. त्यांना वॉशिंग्टन आणि जेफरसन फारसे भावत नाहीत. पण काळ्या माणसांच्या लढ्याचा भाग आला की सारा वर्ग जागा होतो. तो का जागा होतो, हे या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या लोकांना अर्पण केला. ते नाते तेव्हापासूनचे आहे.

गेल्या वर्षी वर्गात जॅकी रॉबिन्सनचा विषय निघाला होता. १९४७ साली अमेरिकेच्या वरिष्ठ बेसबॉलमधली वर्णबंदी मोडणारा हा खेळाडू. मागच्या बाकावरून एका पोराने विचारले, “सर, ते बर्फावर हॉकी खेळतात ना, त्यात काळा माणूस का दिसत नाही?” त्याने मोबाईलवर कुठेतरी तो खेळ पाहिला होता. मी म्हणालो, वाचून सांगतो. मास्तर असे म्हणाला की पोरे समजतात, विषय संपला. मला मात्र तो प्रश्न सोडेना. मी वाचायला बसलो तेव्हा विली ओरी हे नाव समोर आले. कॅनडा-अमेरिकेच्या नॅशनल हॉकी लीगमध्ये खेळलेला हा पहिला काळा माणूस. तारीख १८ जानेवारी १९५८.

सगळीकडे त्याची ओळख याच एका शब्दाने करून दिलेली आढळते : पहिला. या शब्दाशी माझे स्वतःचेही काही देणेघेणे आहे. ते शेवटी सांगेन. आधी विलीचा इतिहास.

२

बर्फावरची हॉकी आपल्या मातीतली नाही. म्हणून चार शब्द सांगितले पाहिजेत. पायात धारदार पात्याचे बूट घालून, गोठलेल्या बर्फावर घसरत हा खेळ खेळतात. चेंडूऐवजी कडक रबराची चकती असते. तिला पक म्हणतात. एका वेळी एका बाजूचे सहा जण बर्फावर असतात. वीस-वीस मिनिटांचे तीन डाव होतात. अंगावर अंग आदळणे हा खेळाचाच भाग. कॅनडात या खेळाला राष्ट्राच्या अभिमानाचे स्थान आहे. हिवाळ्यात घरामागचे अंगणसुद्धा पाणी सोडून गोठवतात आणि पोरे त्यावर खेळतात.

तेव्हा बर्फ फुकट होता, थंडी सर्वांना सारखीच होती. मग काळी माणसे या खेळात नव्हती का? होती. हीच गोष्ट आधी लक्षात घेतली पाहिजे. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर नोव्हा स्कोशिया नावाचा प्रांत आहे. अमेरिकेतल्या गुलामगिरीतून सुटलेली आणि निसटलेली हजारो माणसे तिथे येऊन राहिली. तिथल्या काळ्यांच्या बाप्टिस्ट चर्चमधल्या मंडळींनी १८९५ साली हॅलिफॅक्स-डार्टमथ भागात स्वतःची हॉकी लीग उभी केली. तरुण पोरे चर्चशी बांधलेली राहावीत, हाही त्यामागे हेतू होता. डार्टमथ ज्युबिलीज, हॅलिफॅक्स युरेकाज, आफ्रिकव्हिल सी-साइड्स अशी संघांची नावे. नॅशनल हॉकी लीगची स्थापना १९१७ ची. म्हणजे काळ्यांची लीग तिच्याहून बावीस वर्षांनी थोरली.

या खेळाडूंना बर्फ कधी मिळे? गोऱ्यांचे सामने आटोपल्यावर. तेव्हा बंदिस्त मैदानातला बर्फही नैसर्गिक थंडीवर गोठलेला असे. गोऱ्यांचा हंगाम संपेपर्यंत फेब्रुवारी सरत आलेला असे आणि बर्फ पाझरायला लागलेला असे. त्या उरलेल्या, मऊ पडलेल्या बर्फावर काळ्यांनी खेळायचे. पाणवठ्यावर सर्वांचे भरून झाल्यावर ज्यांच्या ओंजळीत वरून पाणी ओतले जाई, त्यांना हे फोडून सांगायला नको. तरीही याच मैदानांवर डार्टमथचा हेन्री फ्रँकलिन नावाचा गोलरक्षक पक अडवायला सरळ बर्फावर आडवा पडत असे. हे त्या काळी कोणी करत नव्हते. आज सगळे गोलरक्षक तेच करतात.

ही लीग फार काळ टिकली नाही. आफ्रिकव्हिल ही हॅलिफॅक्सच्या टोकाची काळ्यांची वस्ती. तिच्या मधून रेल्वे गेली. जमिनीवरून तंटे झाले, मैदाने मिळेनाशी झाली, पुढे महायुद्ध आले. लीग आटत गेली. नंतर शहराने त्या वस्तीजवळच कचरा टाकायला सुरुवात केली आणि १९६० च्या दशकात ‘सुधारणे’च्या नावाखाली सारी वस्तीच बुलडोझर लावून उठवली. चर्चसुद्धा ठेवले नाही. हॅलिफॅक्सने त्याबद्दल २०१० साली माफी मागितली.

३

विलीच्या आधीचे आणखी एक नाव सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. हर्ब कार्नेगी. जन्म १९१९, टोरोंटो. आईबाप जमैकातून आलेले. १९४० च्या दशकात क्यूबेकमधल्या लीगमध्ये तो, त्याचा भाऊ ऑसी आणि मॅनी मॅकइंटायर असे तिघे काळे एकाच फळीत खेळत. लोक त्यांना पाहायला गर्दी करत. १९४६, ४७ आणि ४८ अशी सलग तीन वर्षे कार्नेगी आपल्या लीगचा सर्वांत मोलाचा खेळाडू ठरला. त्याच्याबरोबर खेळलेला गोरा ज्याँ बेलिव्हो पुढे हॉकीच्या इतिहासातल्या थोर खेळाडूंत गणला गेला. कार्नेगी नॅशनल हॉकी लीगचा एकही सामना खेळला नाही.

त्याच्या सांगण्याप्रमाणे, १९३८ च्या सुमारास टोरोंटोच्या मालकाने त्याचा खेळ पाहून म्हटले होते की याला कोणी गोरा करून देईल तर मी उद्या घेतो. मालकाचे नेमके शब्द काय होते यावर नंतर वाद झाले. पण मालकाने त्याला घेतले नाही, यावर वाद नाही. १९४८ साली न्यूयॉर्क रेंजर्सने त्याला चाचणीला बोलावले. चाचणीत तो उतरला. मग एकामागून एक तीन वेळा त्याला करार देऊ केला. तिन्ही वेळा दुय्यम संघासाठी, तिन्ही वेळा क्यूबेकमध्ये मिळत होते त्यापेक्षा कमी पैशात. मागे घरसंसार होता. त्याने नकार दिला.

मालक आणि व्यवस्थापक सांगू शकत होते, आम्ही तर बोलावले होते, तोच आला नाही. प्रस्थापितांची ही रीत आपल्याला चांगली परिचयाची आहे. दार उघडे आहे असे म्हणायचे, पण उंबरठा इतका उंच बांधायचा की स्वाभिमानी माणसाने बाहेरच थांबावे. मग नोंदवहीत लिहायचे : उमेदवार उपलब्ध झाला नाही.

कार्नेगीने आपल्या आत्मकथनाला दुधाच्या बादलीत पडलेल्या माशीचे नाव दिले. सगळ्या पांढऱ्यात आपण एकटेच काळे, हा त्याचा अनुभव त्या नावात आहे.

४

विली ओरी याचा जन्म १५ ऑक्टोबर १९३५ चा. गाव फ्रेडरिक्टन, न्यू ब्रन्सविक प्रांत, नोव्हा स्कोशियाला लागूनच. तेरा भावंडांतला सर्वांत धाकटा. सगळ्या गावात काळ्यांची घरे दोनच. ओरी घराण्याचा पूर्वज पॅरिस ओरी हा साउथ कॅरोलिनातल्या गुलामगिरीतून निसटून कॅनडात आला होता. विलीचे वडील नगरपालिकेकडे रस्त्यांच्या कामावर होते.

तीन वर्षांचा असताना विलीच्या पायात बर्फावरचे बूट आले. पाचव्या वर्षापासून तो संघात खेळू लागला. थोरला भाऊ रिचर्ड हाच त्याचा गुरू. रिचर्डने त्याला एक गोष्ट शिकवली : लोक नावे ठेवतील, ती कानाआड कर, तू मनाला लावून घेतलीस तरच ती तुला लागतील. हा उपदेश मला पूर्णपणे पटत नाही. अपमान गिळायला सांगणारे आपल्याकडेही पुष्कळ झाले आणि त्यातून अपमान करणाऱ्याचेच फावले. पण गावात दोनच घरे असलेल्या माणसाने आपल्या धाकट्या भावाला दुसरे काय सांगावे, हाही प्रश्न आहेच. संख्याबळ नसते तिथे विद्रोहाचा अर्थ वेगळा होतो. नुसते टिकून राहणे हाच तिथे विद्रोह असतो.

विली बेसबॉलही चांगला खेळे. चौदाएक वर्षांचा असताना त्याच्या संघाने काही जिंकले म्हणून त्यांना न्यूयॉर्कला नेले. तिथे त्याची गाठ जॅकी रॉबिन्सनशी पडली. विलीने सांगितले, मी हॉकीही खेळतो. काळी पोरे हॉकी खेळतात हे रॉबिन्सनला ठाऊक नव्हते. पुढे १९६२ साली लॉस एंजेलिसच्या एका समारंभात दोघे पुन्हा भेटले, तेव्हा रॉबिन्सनला तो ब्रुकलिनचा पोरगा आठवत होता.

१९५५-५६ चा हंगाम. विली किचनर गावच्या संघाकडून खेळत होता. गोलाच्या दिशेने मारलेला पक उसळून त्याच्या उजव्या डोळ्यावर बसला. डोळ्याचा पडदा फाटला. त्या डोळ्याची दृष्टी जवळजवळ सगळी गेली. डॉक्टरांनी सांगितले, आता हॉकी विसर. दोनेक महिन्यांत तो परत बर्फावर होता.

आता यातली अडचण पाहा. विली डाव्या बाजूला खेळायचा. डाव्या बाजूच्या खेळाडूकडे पक बहुतेक वेळा उजवीकडून येतो, आणि उजवा डोळा तर गेलेला. म्हणजे प्रत्येक वेळी सगळी मान वळवून, खांद्यावरून पाहून पक घ्यायचा. मान वळलेली असतानाच समोरून दोनशे रत्तलांचा माणूस येऊन आदळायचा. तोही दिसत नसे. शिवाय एका डोळ्याने आंधळ्या माणसाला खेळू देऊ नये असा नॅशनल हॉकी लीगचा नियमच होता. म्हणून विलीने ही गोष्ट लपवली. बहिणीखेरीज ती कोणाला ठाऊक नव्हती. सारी कारकीर्द तो एका डोळ्याने खेळला, आणि समोरच्याला ते कळले नाही.

मला यात एक विचित्र उलटापालट दिसते. ज्याने खरेच खेळाला बाध येत होता ते व्यंग कोणाला दिसत नव्हते. ज्याने कशालाच बाध येत नव्हता तो कातडीचा रंग मात्र प्रेक्षकांत बसलेल्या शेवटच्या माणसालाही दिसत होता.

१९५६ साली मिलवॉकी ब्रेव्हज या बेसबॉल संघाने त्याला जॉर्जिया राज्यात चाचणीसाठी बोलावले. दक्षिणेतली ती पहिली भेट. गोऱ्यांची मुतारी वेगळी, काळ्यांची वेगळी. चाचणी संपली, नारळ मिळाला. परतीच्या प्रवासात तो बसमध्ये मागच्या आसनांवर बसून निघाला आणि बस जसजशी उत्तरेकडे सरकली तसतसा पुढे येत गेला. वर्णभेदाचा नकाशा काढायला भूगोलाच्या पुस्तकाची गरज नव्हती. बसमधली आपली जागा कितवी, एवढे मोजले की माणूस कुठे आहे ते कळत होते. त्या प्रवासात त्याने ठरवले, बेसबॉल नको, हॉकी.

५

१९५६ मध्ये तो क्यूबेक एसेस या संघात गेला. क्यूबेकच्या बाजूला तेव्हा खेळाची ईर्ष्या मोठी आणि काळ्या खेळाडूंची थोडी सवयही झालेली होती. कार्नेगी याच संघाकडून खेळून गेला होता. ज्या वाटेवर विली चालला ती वाट कोणीतरी आधी तुडवलेली होती, हे इथे स्पष्ट दिसते.

१८ जानेवारी १९५८. बोस्टन ब्रुइन्सच्या संघात एक माणूस कमी पडत होता म्हणून विलीला बोलावणे आले. सामना मॉन्ट्रियलच्या फोरममध्ये, समोर मॉन्ट्रियल कॅनेडियन्स. बोस्टनने सामना ३-० असा जिंकला. काही घोषणा झाली नाही, समारंभ झाला नाही. आपण इतिहास घडवला हे विलीला दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातून कळले. त्या हंगामात तो दोन सामने खेळला आणि त्याला परत पाठवण्यात आले.

बोस्टन शहराबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे. याच शहराच्या बेसबॉल संघाने, रेड सॉक्सने, आपला पहिला काळा खेळाडू मैदानात उतरवला तो १९५९ च्या जुलैत. वरिष्ठ बेसबॉलमधला तो शेवटचा संघ. म्हणजे ज्या खेळात काळे जवळजवळ नव्हतेच त्या खेळाने बोस्टनमध्ये आधी दार उघडले, आणि ज्या खेळात शेकडो काळे उभे होते त्याने नंतर. पण बेसबॉलमध्ये दार उघडल्यावर ते पुन्हा लागले नाही. हॉकीचे काय झाले ते पाहू.

१९६०-६१ च्या हंगामात विलीला पुन्हा बोलावले. या वेळी तो ४३ सामने खेळला. १ जानेवारी १९६१ रोजी बोस्टनमध्ये त्याने मॉन्ट्रियलविरुद्ध आपला पहिला गोल केला. बोस्टनने सामना ३-२ असा जिंकला आणि प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत राहिले. हे बोस्टनच्या गोऱ्या प्रेक्षकांच्या नावे लिहून ठेवले पाहिजे.

दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. टोरोंटो आणि मॉन्ट्रियलपेक्षा अमेरिकेतल्या शहरांत शिव्या अधिक मिळत, असे विलीने सांगितले आहे. शिकागोला एका खेळाडूने शिवी देऊन काठीच्या टोकाने त्याच्या तोंडावर मारले. ओठ फाटला, नाक मोडले, समोरचे दोन दात गेले. विलीने आपली काठी त्याच्या डोक्यात घातली. दोन्ही संघ बर्फावर उतरले. रिचर्डचा उपदेश शिव्यांपुरता होता. दात पाडणाऱ्यापुढे गप्प राहा, असा तो नव्हता. पुढे दुय्यम लीगमध्ये खेळताना व्हर्जिनियात लोकांनी बर्फावर कापसाचे बोळे फेकले, काळे मांजर सोडले. कापूस का, हे ज्याला कळत नाही त्याने गुलामगिरीचा इतिहास वाचावा.

हंगाम संपला. पुढच्या वर्षीही तू आमच्याकडे आहेस, अशी त्याची समजूत करून देण्यात आली. तो गावी गेला. मग कळले की बोस्टनने त्याला मॉन्ट्रियलला देऊन टाकले आहे. मॉन्ट्रियलचा संघ त्या काळचा सर्वांत बलाढ्य. त्यात त्याला जागा नव्हती. तिथून दुय्यम संघात, तिथून लॉस एंजेलिस ब्लेड्सला विक्री. नॅशनल हॉकी लीगमधली त्याची कारकीर्द संपली. ४५ सामने, ४ गोल, १० साहाय्य.

६

इथे इतिहासकाराने जपून बोलले पाहिजे. ४५ सामन्यांत ४ गोल हा काही थोर आकडा नाही. लीगमध्ये तेव्हा संघ सहाच. म्हणजे सगळ्या मिळून जागा सव्वाशेच्या आसपास. अनेक गुणी गोरे खेळाडूही दुय्यम लीगमध्येच आयुष्य काढत. शिवाय विलीचा डोळा गेलेला होता. तेव्हा त्याला केवळ रंगामुळे काढले असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. तसे म्हटले तर आपणच आपली बाजू लंगडी करू.

पण पुढे काय झाले ते पाहा. लॉस एंजेलिसला १९६४-६५ मध्ये त्याला उजव्या बाजूला खेळायला लावले. आता पक डावीकडून, चांगल्या डोळ्याच्या बाजूने येऊ लागला. त्या हंगामात त्याने ३८ गोल केले आणि वेस्टर्न हॉकी लीगमध्ये सर्वाधिक गोलांचा मान मिळवला. १९६८-६९ मध्ये सॅन दिएगोकडून पुन्हा ३८, पुन्हा तोच मान. तेव्हा तो ३३ वर्षांचा होता. आणि १९६७ मध्ये नॅशनल हॉकी लीगने संघ सहाचे बारा केले होते. जागा एका रात्रीत दुप्पट झाल्या. १९७० मध्ये चौदा संघ, १९७२ मध्ये सोळा. विलीला बोलावणे आले नाही.

बरे, विलीचे सोडा. दुसरा कोण आला? कोणीही नाही. १९६०-६१ चा हंगाम संपला तेव्हापासून १९७४ चा हंगाम सुरू होईपर्यंत, तेरा वर्षे, या लीगमध्ये एकही काळा खेळाडू नव्हता. १९७४ मध्ये वॉशिंग्टनचा नवा संघ निघाला, त्याने माइक मार्सनला घेतले. तो दुसरा. मधल्या काळात, १९७२ साली, एक प्रतिस्पर्धी लीग सुरू झाली होती. तिने ऑल्टन व्हाईट या काळ्या खेळाडूला लगेच घेतले. म्हणजे खेळणारे होते, घेणारे नव्हते. डोळा विलीचा गेला होता. साऱ्या काळ्या समाजाचे डोळे गेले नव्हते.

जॅकी रॉबिन्सननंतर तीन महिन्यांच्या आत बेसबॉलमध्ये लॅरी डोबी आला, पुढच्या वर्षी रॉय कॅम्पानेला आला. कारण तिथे काळ्यांच्या स्वतःच्या लीग जिवंत होत्या, काळा प्रेक्षक पैसे देऊन येत होता, काळी वर्तमानपत्रे जाब विचारत होती. हॉकीत काळ्यांची लीग केव्हाच मोडली होती, कॅनडात काळ्यांची संख्या थोडी, अमेरिकेत बर्फाची मैदाने गोऱ्या वस्त्यांत आणि खेळाचे सामान महाग. विलीच्या मागे चळवळ नव्हती. चळवळ मागे नसलेला ‘पहिला’ हा व्यवस्थेला फार सोयीचा असतो. त्याच्याकडे बोट दाखवता येते आणि दार लोटूनही घेता येते.

आणि रॉबिन्सन तरी पहिला होता का? १८८४ साली मोझेस फ्लीटवूड वॉकर नावाचा काळा खेळाडू टोलेडोच्या संघाकडून वरिष्ठ बेसबॉल खेळून गेला होता. त्यानंतर गोऱ्यांनी दार लावून घेतले आणि सहा दशके उघडले नाही. आपल्याकडे पाळवणकर बाळूने १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले. तरी हिंदू संघाचे कप्तानपद त्याच्याकडे रीतसर आले नाही. ते १९२३ साली त्याचा भाऊ विठ्ठल याच्याकडे गेले.

विली १९७८-७९ च्या हंगामापर्यंत, वयाच्या ४३ व्या वर्षापर्यंत खेळत राहिला. नंतर पोटासाठी त्याने सॅन दिएगोत इतर कामे केली, एका मोठ्या हॉटेलात सुरक्षारक्षकाचेही काम केले. लीगला त्याची आठवण झाली १९९० च्या दशकाच्या अखेरीस. काळ्या आणि गरीब वस्त्यांतल्या मुलांना खेळाकडे आणण्याच्या कामावर त्याला नेमले. ते काम त्याने मन लावून केले, गावोगाव फिरला. २०१८ मध्ये हॉकीच्या कीर्तिमंदिरात त्याचे नाव लागले. २०२२ मध्ये कार्नेगीचेही लागले. कार्नेगी २०१२ सालीच वारला होता. दोघांचीही नोंद ‘खेळाडू’ म्हणून नाही, ‘उभारणी करणारे’ म्हणून आहे. खेळाडू म्हणून मोजायला आकडे लागतात. आकडे जमायला बर्फावर उतरू द्यावे लागते. कार्नेगीकडे त्या लीगचा एक सामनाही नव्हता. ज्यांनी त्याला तो खेळू दिला नाही, त्यांच्याच वारसांनी त्याच्या नावाची पाटी बसवली.

१८ जानेवारी २०२२ रोजी, बरोबर ६४ वर्षांनी, बोस्टनने विलीचा २२ क्रमांकाचा सदरा मैदानाच्या छताला टांगला. आता तो क्रमांक दुसऱ्या कोणाला मिळणार नाही. साथीच्या काळामुळे विली स्वतः तिथे नव्हता. सॅन दिएगोहून पडद्यावर दिसला. मी ते दृश्य पाहिले आहे. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मला आनंद झाला, हे लपवत नाही. पण हा सत्कार कोणाचा आहे, विलीचा की बोस्टनच्या मोठ्या मनाचा, असा प्रश्नही पडला.

७

तो प्रश्न का पडला ते आता सांगतो. मी कायम नेमणुकीवर लागलो तेव्हा गावात माझा सत्कार झाला. आमच्या वस्तीतला पहिला पदवीधर, पहिला प्राध्यापक. माझ्या महाविद्यालयातही त्या पदावर आमच्या समाजाचा मी पहिलाच. गावच्या प्रतिष्ठितांनी भाषणे केली. गाव कसे बदलले, आता भेद कसा उरला नाही, याला पुरावा म्हणून मी व्यासपीठावर बसलो होतो. शाल माझ्या अंगावर होती, कौतुक गावाचे चालले होते.

माझे थोरले चुलते, आम्ही त्यांना आबा म्हणतो, शेवटच्या रांगेत बसले होते. आबा शाळेत पहिल्या नंबराने पास होत. गणितात गुरुजी त्यांना फळ्याजवळ उभे करीत आणि इतर पोरांना शिकवायला लावीत. १९७२ चा दुष्काळ पडला, त्या वर्षी ते दहावीत होते. दप्तर खुंटीला लागले आणि आबा दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले. ते परत शाळेत गेले नाहीत. मला पाढे आबांनी शिकवले. माझी फी पाच वर्षे आबांनी भरली.

रात्री घरी आल्यावर आबा म्हणाले, “पह्यला पह्यला म्हनत्यात. म्हंजी तुज्या आदी कुनीच नव्हतं का रं?”

मला उत्तर देता आले नाही. इतिहासाचा मास्तर असून देता आले नाही. कार्नेगी वाचताना ते मिळाले. पहिला म्हणजे ज्याला आत घेतले गेले तो पहिला. त्याच्या आधी जे लायक होते आणि बाहेर राहिले, त्यांची मोजणी त्या शब्दात येत नाही. ती मोजणी आपण केली पाहिजे. आपल्या समाजाचा इतिहास लिहिताना पहिला डॉक्टर, पहिला वकील, पहिला कलेक्टर यांच्या याद्या आपणही आवडीने करतो. त्या कराव्यात. पण प्रत्येक नावापुढे दोन प्रश्न लिहावेत. याच्या आधी कोण थांबवला गेला? आणि याच्यानंतर दुसरा यायला किती वर्षे लागली? पहिल्या प्रश्नाने त्या माणसाचे मोठेपण कमी होत नाही. विली ओरी एका डोळ्याने खेळला हे मोठेच आहे. दुसऱ्या प्रश्नाने मात्र दार खरोखर उघडले होते की फक्त फट पडली होती, ते कळते.

हे सगळे मी पुढे वर्गात सांगितले. फळ्यावर दोन रकाने पाडले. विलीच्या नावापुढे आधीचा म्हणून कार्नेगी लिहिला, आणि नंतरच्या रकान्यात तेरा वर्षे. मुले वहीत उतरवून घेत होती. ज्या पोराने मूळ प्रश्न विचारला होता तोच पुन्हा उभा राहिला.

“सर, तुमच्यानंतर किती आले?”

मी खरे तेच सांगितले. माझ्यानंतर आमच्या विभागात आपल्यातले दोघे आले. दोघेही तासिका तत्त्वावर, दर वर्षी नव्याने. कायम नेमणुकीवर अजून कोणी नाही. सात वर्षे झाली.

पोरगा खाली बसला आणि विलीच्या तेरा वर्षांखाली त्याने माझी सात वर्षे लिहून घेतली.